बांगड्यांच्या डब्यांवरचे शब्द

नालवाडीत माझ्या शाळेच्या वाटेवर एका बांगडीवालीचं दुकान आहे. तिच्या डब्यांवर मापाच्या आकड्याखाली इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या दिसू लागल्या, तेव्हा मला राहवेना. एके दिवशी मी पायरी चढलेच.

"मोबाईलवर जाहिरात टाकाची आहे. शब्द समजाले पाह्यजे," बांगड्या पुसत ती म्हणाली.

"इम्प्रेशन म्हणजे काय?"

"जाहिरात पाह्यली अन् निंगून गेले. तुमी रोज जाता तसं."

"आणि क्लिक?"

"आज आत आल्या नं, ते."

मी ओशाळले. शेवटच्या डब्यावर 'कन्व्हर्जन' लिहिलं होतं. त्याचा अर्थ विचारला. तिनं माझा हात ओढून घेतला, बोटं जुळवून दाबली आणि माझ्या मापाचा डबा उघडून विचारलं, "किती डझन देऊ?"