पात्यावरचं ओलं बोट

बुधवारा वस्तीतल्या उखर्डूचा उभा जन्म हातमागावर गेला. माग बंद पडला आणि उतारवयात तो पवनचक्कीची पाती घडवणाऱ्या कारखान्यात लागला. नोकरी अजून कच्चीच होती. लांबलचक साच्यात काचेच्या धाग्यांच्या कापडाचे थर अंथरायचे, मग चिकट रसायन भरायचं. कापडाला ओल लागली की पातं कच्चं राहतं.

त्या संध्याकाळी अंग मोडून आलं होतं. एक धागा सुटलेला दिसला आणि विणकराच्या सवयीनं तोंडावरचा मास्क खाली गेला, थुंकी लावलेलं बोट धाग्यावर फिरलं. कोणी पाहिलं नव्हतं. तरी उखर्डूनं देखरेखीवरच्या अरविंदसाहेबांना हाक मारली.

"साहेब, माझी थुंकी लागली इथं."

शेजारची सोजरबाई कुजबुजली, "उखर्डूभाऊ, गप नाही बसवत? घरी बसवतील ना!"

अरविंदसाहेबांनी कापडाचा तेवढा तुकडा काढायला लावला. "काका, उद्यापासून तोंडावरचा मास्क खाली घ्यायचा नाही."

उखर्डूनं मास्क नाकापर्यंत वर ओढला. म्हणजे उद्या यायचं होतं.