आधी जेवा

"अशा मुलांना खायची घाई असतेच. हिला विचारा, ही पण तसल्याच शाळेतली."

मंडळाचा कारभार बघणाऱ्या काकू माइकवर बोलल्या, माझ्याकडे बोट दाखवून. हॉल हसला. जर्मनीतल्या बोब्लिंगेनच्या आमच्या मराठी मंडळाचा हॉल. मी लॅपटॉपपाशी उभी होते, व्हिडिओ कॉल सांभाळत.

पडद्यावर युगांडातली शाळा होती. निर्वासितांच्या छावणीशेजारची, अनाथ मुलांची. मंडळ तिला मदत करतं. त्या दुपारचं जेवण आमच्याकडून होतं, आणि ते आम्हाला व्हिडिओवर बघायचं होतं. ताटं वाढून झाली होती. भात आणि राजमा. पण काकूंनी मुलांकडून जेवणाआधीचा श्लोक घोकून घेतला होता. चक्क मराठीत. आधी आमची भाषणं, मग त्यांचा श्लोक, मग फोटो, मग घास. भाषण चालू असतानाच एका चिमुरडीने ताटात हात घातला. काकू ओरडल्या, "नो नो! नॉट येट!" तिकडच्या बाईंनी मुलीचा हात धरून मागे घेतला. त्यावर काकूंचा तो विनोद.

माझी शाळा त्यांना ठाऊक होती, कारण पहिल्याच भेटीत त्यांनी सगळं काढून घेतलं होतं. आडनाव. गाव. गावात घर कुठल्या बाजूला. मग एक लांबलचक "अच्छाऽऽ".

आई-बाप गेल्यावर मी एका ट्रस्टच्या निवासी शाळेत वाढले. देणगीदार येणार त्या दिवशी शिरा असायचा. ताट पुढ्यात, हात मांडीवर, पाहुण्यांचं बोलणं संपेपर्यंत. एकदा मी घास घेतला. अधीक्षकांनी मला ताटासकट उभं केलं. म्हणाले, "यांची जातच हावरी." पाहुणे हसले. तो शिरा मला मिळालाच नाही.

हॉलमध्येही मी घाबरलेच होते. खोटं कशाला सांगू? काकूंचे मिस्टर ऑफिसात माझे टीमलीड. माझी प्रोबेझाइट, म्हणजे नोकरीतला चाचणीचा काळ, अजून चालू. कारण न देता काढून टाकता येतं. नोकरी गेली की इथे राहणंच धोक्यात. आणि परत जायला मला घर नाही.

"ये गं, दोन शब्द बोल," काकू म्हणाल्या. "तुझं ऐकून लोकांना पाझर फुटेल."

माइक हातात आला. काका पहिल्याच रांगेत. पडद्यावर ती चिमुरडी भाताकडे बघत होती.

मी कॅमेऱ्याकडे वळले. "ईट, चिल्ड्रन. प्लीज ईट. डोंट वेट फॉर अस."

आवाज फाटला. मुलं बाईंकडे बघू लागली. बाईंनी मान हलवली, आणि सगळे हात एकदम भातात गेले. मग मी पडदा बंद केला. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसू नये, हे तुमच्याच घरांत शिकवतात ना?

"अगं, काय केलंस हे! श्लोक राहिला की!"

"त्यांना भूक लागलीय, काकू. आणि मला हसायचं नाही तुम्ही."

कुणी हसलं नाही. काका उठले, अगदी हळू म्हणाले, "आल्झो... तर मग, सोमवारी ऑफिसात बोलू."

मी बसने घरी आले. उद्या सोमवार.

मी जाणार आहे. घाबरत जाईन. माफी मागणार नाही. काढायचं तर काढा. पण भुकेल्या पोरांपुढे ताट ठेवून त्यांचे हात अडवणाऱ्यांसाठी मी कॅमेरा धरणार नाही. कधीच नाही.