ताप उतरल्यावर

साप, विंचू, गावातली भांडखोर कुत्री, कशाकशाला धम्मशीला भ्यायची नाही. पण कुणी "ताप उतरला" म्हणालं की ती हातातलं काम टाकून त्या घराकडे धावायची. आता बोला! जगाला ताप चढल्याची धास्ती, हिला उतरल्याची.

हिवरा आश्रम या गावात मनकर्णाबाईंच्या घरामागची खोली तिनं भाड्यानं घेतली होती. नोकरी हिवताप विभागात, कीटक समाहारक म्हणून. नाव मोठं भारदस्त, आणि काम काय, तर गोठ्यात, खाटेखाली वाकून भिंतीवरचे डास नळीनं ओढून घ्यायचे आणि पाय-पंख बघून त्यांची जात ओळखायची. गाव तिला सरळ 'मच्छरवाली' म्हणायचं. ती रांजणात बॅटरी मारून अळ्या दाखवायची, तर बाया म्हणायच्या, "पाणी तं आरशावानी हाये वं, घाण कुठी हाये?" अहो, तिथंच तर मेख आहे! डेंगूच्या डासाला गटार लागतच नाही. त्याला तुमचं-आमचं साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं, आणि चावतो तोही भरदिवसा. पण नळाची वाट बघण्यात आठवडा जातो, तिथं भरला रांजण उपडा करून घासा म्हणणारीचं ऐकतो कोण?

पावसाळा सरता सरता मनकर्णाबाईंची नात प्राची तापानं फणफणली. मेहकरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, डेंगू निघाला. पाणी पाजत राहा, पोट दुखलं किंवा पोर मलूल पडली तर तडक घेऊन या, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. घरात मग शेळीचं दूध झालं, पपईच्या पानांचा रस झाला, नवस झाले.

आणि एका सकाळी मनकर्णाबाई अंगणातूनच ओरडल्या, "धम्मशीला, ये वं, तोंड गोड कर! ताप उतरला पोरीचा!"

धम्मशीला अनवाणीच धावली. मनकर्णाबाईंनी भाकरी, लिंबू, कुंकू नातीवरून ओवाळून उतारा टाकला होता, गल्लीच्या तोंडाशी, तिठ्यावर. प्राची खाटेवर निपचित पडली होती. धम्मशीलानं तिचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार, वरून घामेजलेला.

"पोट दुखते का वं, बाई?"

पोरीनं डोळे न उघडताच होकाराची मान हलवली.

"वहिनी, लघवीले कधी गेली होती हे?"

प्राचीची आई सुचिता गोंधळली. "काल सांजच्यापासून नाही गेली, वाटते."

ताप गेला म्हणजे डेंगू गेला असं नसतं. उलट कित्येकदा तेव्हाच रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपायला लागतं, आणि वरून बरं दिसणारं माणूस आतून ढासळतं. हे धम्मशीला शिकली होती, आणि एकदा तिनं डोळ्यांनी पाहिलंही होतं. पण गेल्या वर्षी गावातल्या शेषरावांच्या घरीही तिनं असाच गलका केला होता, आणि त्यांना काहीच निघालं नव्हतं. 'मच्छरवालीनं जित्या माणसाले तिरडीवर बांधलं,' म्हणून गाव किती दिवस हसत होतं! आज चुकली तर खोली जाणार, इज्जतही जाणार. आणि गप्प बसली तर? पोरीचे निळसर ओठ बघून ती मनकर्णाबाईंकडे वळली.

"मावशी, आत्ताच्या आत्ता मेहकरले न्या लागते हिले."

"तोंड सांभाय! बऱ्या पोरीले काऊन अभद्र बोलून राह्यली?" मनकर्णाबाई दारात आडव्याच झाल्या. "उतारा टाकला हाये. तिठ्यावरून नेली तं पीडा फिरून तिच्याच मानगुटीवर बसन. आज पोरगी घराबाहेर नाही निंगत!"

सुचिता सासूकडे बघे, पोरीकडे बघे.

बुद्ध विहारात वाढलेल्या धम्मशीलाला उतारा म्हणजे कावळ्यांची न्याहारी. पण आत्ता वाद घालायला वेळ कुणाला होता? ती म्हणाली, "मावशी, जो पयले ओलांडते, पीडा त्याच्याच मांगं लागते न? मंग मी ओलांडतो पयले. लागू द्या मले. पोरगी मोकयी."

मनकर्णाबाईंचा आ वासला. तोवर धम्मशीला तिठ्यावर पोचलीही होती. कुंकवानं माखलेल्या त्या लिंबावरून पाय उचलताना, खरं सांगायचं तर, तिच्याही अंगावर काटा आला. तिनं डोळे मिटले आणि पलीकडे पाय टाकला.

"आणा!" ती ओरडली.

सुचितानं पोर उचलली आणि सासूला न विचारता धावत सुटली. अकीलचा ऑटो कोपऱ्यावरच होता.

मेहकरच्या दवाखान्यात पोरीची नाडी सापडता सापडेना. सलाईन लागलं. नर्स पुन्हा पुन्हा पट्टा बांधून रक्तदाब बघायची आणि कागदावर आकडा लिहून निघून जायची. मागोमाग आलेल्या मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दुपार कलली तेव्हा प्राची कुरकुरली, आणि गादी ओली झाली.

"अरे देवा, भिजवली गादी!" सुचिता ओशाळली.

डॉक्टर मात्र हसले. "भिजू द्या. लघवी झाली, म्हणजे पोरगी सावरतेय."

धम्मशीला कॉरिडॉरच्या बाकावर मटकन बसली आणि लहान पोरासारखी रडायला लागली. जरा वेळानं मनकर्णाबाई येऊन तिच्याजवळ टेकल्या. आपला खरखरीत तळवा त्यांनी तिच्या कपाळावर ठेवला, मग गळ्यावर, मग पुन्हा कपाळावर.

"आंग गरम तं नाही न लागून राह्यलं वं तुले?" त्यांनी भीत भीत विचारलं.