धोटा, फणी, कांडी

आमच्या मागाच्या कारखान्यात एक अण्णा हुता. विंचवाचा मंत्र घालायचा, पन देवळाची पायरी कधी चढला न्हाई. एकदा मी काम चुकवून सुताच्या ढिगाआड झोपलो, आन् विंचू चावला. अण्णानं मला सायकलीवर घेतलं आन् दवाखान्याकडं पायडल मारत मंत्र पुटपुटाय लागला. मी कान दिला, तर 'धोटा, फणी, कांडी...' सगळं मागाचंच सामान!

मी बोंबललो, "अण्णा, मरतुय मी, देवाचं नाव घ्या की!"

"देव मी मानत न्हाई. मंत्र तू मानतूस, तेवढं बास. गप बस, सायकल हालतीया."

डाक्टरनं सुई काढली, तसा मी विंचू चावल्यापरीस जोरात वरडलो, "अण्णा, मंत्र!"

धा मान्सांम्होरं माझा हात धरून त्यानं परत सुरू केलं, "धोटा, फणी, कांडी..."