आधी काय घडलं

पेणला रामवाडीजवळ स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांचं एक निवासी केंद्र आहे. तिथे मी काम करते, रोह्याहून रोज येऊन-जाऊन. बाकीच्या बायकांपेक्षा माझं अक्षर बरं, म्हणून घटनांची वही माझ्याकडे. कुणी मारलं, चावलं, ताट भिरकावलं की लिहायचं: कोणी, केव्हा, काय केलं. आणखी एक रकाना असतो, 'आधी काय घडलं'. त्यात मी डोळे झाकून 'काही नाही' लिहायची. अंगावर माणूस धावून आल्यावर आधीचं कुणाला आठवतंय!

खारेपाटातले एक बाबा होते. एरवी अगदी गरीब. पण सकाळी दहाच्या सुमारास काय व्हायचं कोण जाणे, पलंगावरच्या उशा, गोधड्या ओढून दाराशी थापत बसायचे. "माती आण गो, माती!" असं ओरडायचे. आम्ही गोधड्या उचलायला गेलो की हाणायचे. एकदा माझ्या मनगटाला कडकडून चावले. खोटं कशाला सांगू, मला भयंकर राग आला. त्या दिवशी वहीत दाबून लिहिलं: 'विनाकारण हल्ला. असंबद्ध बडबड.' आधी काय घडलं? काही नाही.

डॉक्टर पंधरा दिवसांनी यायचे. त्यांनी वही वाचली, "नोंदी छान ठेवता हो तुम्ही," म्हणाले आणि बाबांची गोळी वाढवली. मी खूश. बाबा शांत झाले. हळूहळू इतके शांत की घास तोंडात तसाच धरून बसायचे, उभं केलं तर पाय उचलायचे नाहीत.

त्यांची लेक रविवारी दुपारी यायची. बापाची मान छातीवर पडलेली बघून तिनं वही मागितली. एकेक नोंद बोट ठेवून वाचली.

"रोज धाच्याच टायमाला? तवा तुमी हितं काय करता?"

"काही नाही. लादी धुतो."

"पानी वतून?"

"हो, बादलीच ओततो. मग झाडूनं बाहेर काढतो."

तिनं वही मिटली. "ताई, आमचा गाव खाडीला लागून हाय. उधाणाला बांध फुटला का पानी भातात घुसतं. मग हाताला गावंल त्यानं भगदाड बुजवायचा न माती मागायची. बाबानं जलमभर त्योच काम केला." बापाची मान सावरत म्हणाली, "त्यो तुमाला मारीत नव्हता. वाचवीत व्हता."

मला तोंड वर करवेना. गोळी माझ्या अक्षरानं वाढली होती.

दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळी कमी केली, पण या वयात गेलेली उभारी परत येईलच असं नाही, हेही सांगितलं. त्या खोलीत आम्ही पिळलेल्या फडक्यानं लादी पुसायला लागलो. दोन महिने गेले, बाबा तसेच मान टाकून. बाबांच्या नावापुढे एकही घटना नाही. कोरी पानं बघून मला रडू यायचं.

शेवटी एके सकाळी मीच भरलेली बादली त्यांच्या खोलीत ओतली. पाणी पलंगाखाली गेलं. मी दाराशी गोधडी दाबून बसले आणि ओरडले, "बाबा, बांध फुटला! उठा, मारा मला!"

ते छताकडे बघत पडून राहिले.