न मावलेला गुणाकार

भाचीला क्लासच्या परीक्षेत इतके कमी मार्क? मी तर हादरलेच. वर सकाळी सकाळी दाजींचा फोन, "मी लातूरला यायलोय. पोरीला उदगीरला घेऊन जातो. बास झालं ते डॉक्टर होणं."

भूकंपात ढिगाऱ्याखालून काढलेल्या दाजींना एका डॉक्टरीणबाईंनी वाचवलं होतं. पोरीनं डॉक्टर व्हावं हा हट्ट त्यांचाच. आणि आता तेच माघार घ्यायलेत!

"दाजी, संध्याकाळपर्यंत तरी दम धरा," म्हटलं आणि तडक कोचिंग क्लास गाठला. भाचीची ओएमआर शीट, म्हणजे गोळे रंगवायची उत्तरपत्रिका, मागून स्वतः तपासली. जवळजवळ सगळं बरोबर! डोकंच फिरलं माझं. शीट तपासायचं मशीन लिनक्स या संगणक प्रणालीवर चालायचं, आणि तिच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, कोड वाचणं हीच माझी नोकरी.

गठ्ठ्यात शीट किती, या रकान्यात ऑपरेटर आधी बॅच नंबर आणि त्याला जोडून पोरांची संख्या टाकायचा. बारावी बॅच, चाळीस पोरं, की आकडा १२४०!

"असं का?"

"त्यानं गठ्ठे मिसळत न्हाईत मॅडम. आमच्याकडं असंच चालतंय."

क्लासच्या बॅचा वाढल्या तसा तो आकडा फुगत गेला. मी ड्रायव्हरचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, कोड उघडला. मेमरी मागायची ओळ बघितली: शीटची संख्या गुणिले एका शीटचा आकार. नुसता गुणाकार, तपासणी काहीच नाही! उत्तर मेमरीत ठरलेल्या जागेत मावेना, वरचे आकडे गळाले, उरला एवढासा. कर्नलनं तेवढीच जागा दिली आणि ड्रायव्हर खुशाल पुढं लिहीत सुटला, आधीच्या बॅचच्या उत्तरांवर, म्हणजे भाचीच्याही. अगं बाई!

तो गुणाकार काढला आणि कर्नलचं तयार फंक्शन घातलं. गुणाकार मावत नसला तर ते जागाच देत नाही. मशीननं पुढचाच गठ्ठा नाकारला.

"मॅडम, मशीन बिघडवली तुम्ही!"

"नाकारू दे!" मी खेकसले.

दाजी आले. ती शीट हातात धरून पोरीसमोर ढसाढसा रडले. मी होस्टेलवर जाऊन तिची बांधलेली बॅग परत सोडली. शेजारची कॉट रिकामी होती.

"ती रेणापूरची होती मावशी," भाची म्हणाली. "तिचेबी मार्क असेच एकदम पडले. वडील घेऊन गेले. आता लग्न ठरलंय तिचं."

मी पळतच परत क्लासवर आले आणि त्या पोरीच्या शीट मागितल्या.

"जुन्या व्हय?" ऑपरेटर म्हणाला. "त्या तर रद्दीत गेल्या, मॅडम."