साकवाचा अर्ज कुठं उघडतो

ये, जवळ सरक जरा. पुण्यात बसून वाचत असलीस तरी माझ्या मांडीला मांडी लावून बसल्यासारखं वाच. आणि आधी बोलणी खा, मग बाकीचं. लॅपटॉपचा अजून पत्ता नाही, आणि त्यात विंडोज घालायचं की लिनक्स यावरून सख्ख्या भावाशी अबोला धरलास? वर मला फोन करून विचारतेस, "आत्या, साध्या माणसाला कोणतं बरं? तू सांग, तुझं ऐकते." ऐकणाऱ्या पोरीची ही लक्षणं नव्हेत. माझं उत्तर घेऊन तुला दादाच्या तोंडावर आपटायचं होतं. म्हणून फोनवर काही बोलले नाही. लिहून पाठवते, म्हणजे मधेच तोडता येणार नाही.

हे भांडण आमच्या घरात आधीच होऊन गेलंय बाई. तू तेव्हा लेण्याद्रीच्या शाळेत जात होतीस. भांडणारा एक तुझाच दादा होता आणि दुसरा माझा मुलगा.

माझी बैठक तुला आठवत असेल. घोडेगावला तहसील कचेरीसमोर पत्र्याची शेड, एक टेबल, एक मराठी टाइपरायटर. ती बैठक आधी तुझ्या मामांची, म्हणजे माझ्या मालकांची. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा मी बसले. मला कुणी शिकवलं नाही. ते जेवायला उठले की मी बसायचे आणि जुन्या अर्जांवरून बोटं चालवायचे. कळांवरची अक्षरं झिजून गेली होती, त्यामुळं बघून टाइप करायची सोयच नव्हती. 'क' डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, काना उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. ते ज्या दिवशी बोटांना कळलं त्या दिवसापासून मी कुणाची नोकर नव्हते. वाटणीपत्र असो, वारसाची नोंद असो, बाईमाणूस माझ्याकडंच यायचं. पुरुषांसमोर घरातलं सांगायला त्यांना जड जायचं.

मग समोर दुकान निघालं. कॉम्प्युटर, प्रिंटर, काचेचं दार. कचेरीतला कारकून माझा अर्ज हातात घेऊन म्हणायला लागला, "बाई, आता कॉम्प्युटरवर काढून आणत जा. साफ येतं." एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला. माझ्या शेडकडं येणारी माणसं माझ्याकडं बघून नमस्कार करायची आणि काचेच्या दारातून आत जायची. मी रिबन बदलत बसायचे, बदलायची गरज नसताना. एसटीत बसले तरी बोटं मांडीवर चालायची. शेजारची बाई विचारायची, "काय मोजताय?" काय सांगू तिला. बैठक गेली तर मी कोण, एवढंच आतून फिरत असायचं.

मुलगा तेव्हा मंचरला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होता. तो एक जुनं मशीन घेऊन आला, विंडोज घातलेलं. त्याच रविवारी तुझा दादा पुण्याहून आला, पिशवीत लिनक्सच्या सीड्या. मी मासवड्या केल्या होत्या. रस्सा निवून गेला तरी दोघं थांबेनात.

"भाऊ, ही विंडोज कुठून आणली?" दादानं विचारलं.

"आणली एकाकडून."

"म्हणजे चोरीची. तहसील कचेरीसमोर बसणाऱ्या बाईच्या घरात चोरीचा माल. बढिया."

"आणि तुझी?"

"फुकट. कायद्यानं फुकट. गावभर वाट, कॉपी कर, कुणी विचारत नाही."

"कुणी विचारत नाही ते खरंय," मुलगा म्हणाला. "मंचरात एका दुकानात दाखव राव ती. बिघडली तर आईनं पुण्याला यायचं का तुला शोधत?"

"बिघडतच नाही. तुझ्यासारखा फ्लॉपी लावली की व्हायरस, फ्लॉपी लावली की व्हायरस, असला धंदा नाही आपल्याकडं."

"व्हायरस यायला आधी कुणी वापरायला तर पाहिजे."

मामा कोपऱ्यात बसून हसत होते. म्हणाले, "दोघंबी म्हणताय साध्या माणसासाठी चांगलं. तो साधा माणूस हितं भाकऱ्या थापतोय, त्याला कुणी इचारलं का?"

तेवढ्यात लाइट गेली. तेव्हाचं लोडशेडिंग तुला माहीतच आहे. लाइट आल्यावर दोघांनी त्या एकाच मशीनवर पाळीपाळीनं आपापलं चालू करून दाखवलं, दादानं सीडीवरूनच. विंडोजनं निळा पडदा दाखवून डिस्कची तपासणी सुरू केली, लिनक्सनं काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळवल्या. कण्हत उठल्या दोन्ही सारख्याच. शेवटी तोडगा निघाला की डिस्कचे दोन भाग करायचे, एकात विंडोज, एकात लिनक्स. मामा म्हणाले, "भाऊबंदकी हितंबी आलीच. बांध नीट घाला, न्हायतर वाटणीपत्र टाइप करायला हिच्याकडंच याल." आणि गंमत बघ, लिनक्समधून विंडोजचा भाग दिसायचा, विंडोजमधून लिनक्सचा दिसायचाच नाही. दादा म्हणाला, "बघ भाऊ, आम्ही तुम्हाला ओळखतो, तुम्ही आम्हाला ओळखत नाही." मुलगा म्हणाला, "गरज कुणाला, ते कळलं."

तेव्हापासून मशीन चालू केलं की पडदा विचारायचा, कुठं जाऊ? खाली आकडे उलटे पळायचे. मी ठरवेपर्यंत ते पळून संपायचे आणि मशीन आपल्या मनानंच एकात शिरायचं. मला ते बघवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मशीन मुलानं शेडमध्येच आणून मांडलं, शेजारच्या चहावाल्याकडून तार ओढली. दादाही थांबला होता. आणि तळेघरकडची ती आली. डोंगरातली बाई, माझ्याच वयाची, नाचणीचं पीठ आणायची मला. वाडीची मोठी माणसं सह्या-अंगठे देऊन तिलाच पाठवायची, कारण ती बोलायला भ्यायची नाही. अर्ज एकच. वाडी आणि शाळा यांच्यामधल्या ओढ्यावर साकव बांधून द्या, पाऊस लागला की पोरं शाळेला मुकतात. साकव म्हणजे आपला पायी जायचा छोटा पूल गं. हा अर्ज मी दरसाल टाइप करत होते.

"बाई, लिवा आमचं," ती म्हणाली. "आन ह्यो टीव्ही कशापायी?"

"आता ह्याच्यावर लिहायचं."

"लिवा. पर माझी येष्टी हाये, ती काय ह्या टीव्हीसाठी थांबायची न्हाई."

विंडोजच्या भागात मुलानं टाइपरायटरसारखाच कळफलक असलेला मराठी फॉन्ट टाकला होता. मी बोटं ठेवली आणि अगं, 'क' जिथल्या तिथं. काना जिथल्या तिथं. पहिली वेलांटी आधी मारायची, मग अक्षर, तेही तसंच. अर्ज घडाघडा उतरला. मुलानं दादाकडं असं बघितलं की जणू निवडणूक जिंकला. प्रिंटर आमच्याकडं नव्हता, म्हणून अर्ज फ्लॉपीत घेऊन मी स्वतः काचेच्या दारातून आत गेले. मला ते दार ढकलणं किती जड गेलं ते तुला सांगत नाही.

दुकानदारानं फ्लॉपी लावली. पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरं. जिथं साकव होता तिथं एल, के, डी, ओ. तो म्हणाला, "बाई, हा फॉन्ट माझ्याकडं नाही. आणि बाहेरचं काही मी टाकून घेत नाही, मशीन खराब होतं." तळेघरची माझ्या मागं उभी होती. पडद्याकडं बघून म्हणाली, "ह्यात आमचा वढा कुठं हाये?"

परत शेडमध्ये. दादानं लगेच लिनक्स चालू केलं. म्हणाला, "आत्या, मघाचं ते मराठी नव्हतंच. आत इंग्रजी अक्षरं, वर मराठीचं सोंग. फॉन्ट काढला की सोंग उतरतं. ह्याच्यात बघ, 'क' म्हणजे आतूनही 'क'च. जगात कुठंही ने, 'क'च राहणार. युनिकोड म्हणतात त्याला." पण त्याच्या कळफलकात 'क' उजव्या हाताला आणि काना डाव्या हाताला. दोघांनी हात बदललेले. वेलांटीसुद्धा आधी नाही, अक्षर झाल्यावर. एवढी वर्षं न बघता टाइप करणारी मी एकेका बोटानं दाणे वेचल्यासारखी कळा शोधायला लागले. माझ्या मागं रांगेत दोन माणसं उभी होती. ती निघून गेली. कुठं गेली ते बघायला मी मान वळवली नाही.

तो अर्धामुर्धा अर्ज घेऊन दादा पळाला दुकानात. परत आला तो चेहरा पाडून. "अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले," म्हणाला. "त्याचं मशीन जुनं आहे. नव्या मशीनवर नीट दिसेल, आत्या. अजून थोडी वर्षं जाऊ दे."

"ह्या येष्टीला थोडी वर्षं थांब म्हनू का?" तळेघरची म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं.

मुलगा म्हणाला, "मी हेच सांगतोय. आज गिऱ्हाईक समोर उभं आहे. उद्याचं काय घेऊन बसलास?"

"आणि उद्या उघडलं नाही तर?" दादा म्हणाला. "दरवेळी पहिल्यापासून लिहायचं?"

मी टाइपरायटरवरचं फडकं काढलं, दोन कागदांत कार्बन घातला आणि बसले. ओळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा माझ्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. तिनं अर्ज घेतला, कचेरीत देऊन पोच घेतली, पदर खोचला. जाताना सहज म्हणाली, "येते बाई. पुढल्या साली ह्योच लिवायचाय. तवर तुमचं ते डबडं शिकलं तर बरं व्हईल, तारीख तेवढी बदलायची. आन न्हाई शिकलं तर तुमच्या बोटांना काम हायेच." पिशवीतलं नाचणीचं पीठ टेबलावर ठेवून ती स्टँडकडं पळाली.

तुझा दादा आणि माझा मुलगा मग परत लागले, पण मला ऐकू येत नव्हतं. तिचं तेवढंच कानात फिरत होतं. दरसाल तीच ओळ, तोच ओढा, तीच पोरं, फक्त पोरांची नावं नवी, आणि मी दरसाल पहिल्यापासून. आणि आज कॉम्प्युटरवर लिहिलेलं उद्या दुसऱ्याच्या दारात एल, के, डी, ओ होणार असेल तर हे एवढं यंत्र कशाला? मला आजचं गिऱ्हाईक हवं होतं आणि पुढच्या सालचा अर्जही हवा होता. दोघांपैकी कुणाचंच ऐकून दोन्ही मिळत नव्हतं.

मग मी काय केलं ते ऐक. सिस्टिम मुलाची ठेवली, कारण बिघडलं तर तो मंचरातून दुपारपर्यंत येतो आणि घोडेगावात कुणीही हात लावायला भीत नाही. त्यानं पुढं नवी विंडोज घातली, पैसे देऊन, मामांनी टोमणे मारल्यावर. पण तिच्यात लिहायची रीत दादाची घेतली, आतूनही 'क' असणारी. त्यासाठी बोटं मोडून परत घडवावी लागली. दिवसा टाइपरायटर, संध्याकाळी नवा कळफलक. त्या दिवसांत माझे हात दोन्हीकडून सुटले होते. टाइपरायटरवर बसले की 'क' च्या जागी काना पडायचा, कॉम्प्युटरवर बसले की काना शोधताना 'क' यायचा. मामा म्हणायचे, "चहात मीठ घातलंस, आता बोटंच न्हाई, हातबी बदलला वाटतं." चिडचिड व्हायची, जेवण जायचं नाही. दोनदा मशीनवर फडकं टाकून ठेवलं की परत बघायचं नाही. पण सकाळी काचेच्या दारात माणसं दिसली की फडकं काढायचे.

तळेघरचा अर्ज मी नव्या रीतीनं एकदाच लिहिला. पुढं दरसाल उघडला, तारीख बदलली. समोरच्या दुकानदारानंही पुढं नवं मशीन आणलं, तिथंही उघडला, चौकोन न येता. ज्या दिवशी तो तिथं उघडला त्या दिवशी मी त्याच्या दारात उभी राहून चहा प्यायले. बैठक राहिली. माणसं परत आली, सगळी नाहीत, पण बाया आल्या. आणि साकवही झाला गं, लोखंडी. फक्त कठडा एकाच बाजूला बसवला. आता त्याच अर्जात दुसऱ्या बाजूच्या कठड्याचं लिहिते, बाकी मजकूर तोच. तळेघरची म्हणते, "निम्मं झालं, निम्म्याला तुमचं डबडं हाये."

म्हणून तू विचारतेस ते मला असं एका शब्दात सांगता येत नाही. तू कुठंही लिही, फक्त तुझं लिहिलेलं दुसऱ्याच्या मशीनवर तुझंच राहील ना, तेवढं बघ. आणि बिघडल्यावर धावत येणारं कुणी जवळ आहे का, तेही. दादा आणि मुलगा दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. त्यांना ते माहीत नव्हतं, आणि अजूनही नाही. दिवाळीत परत तोच घोळ घालून बसले होते.

पण माझी तगमग काही संपली नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी नवं मशीन आलं असं कळलं की मला तो अर्ज तिथं उघडून बघायचा असतो. सरपंचाच्या पोरीच्या मशीनवर बघितला. लोणीच्या नणंदेच्या जावयाच्या मशीनवर बघितला, तो हसला, हसू दे. उघडेपर्यंत श्वास वर राहतो. साकव शब्द दिसला की खाली येतो.

तेव्हा आता अबोला सोड, दादाला फोन लाव, आणि लॅपटॉप घे. जो घेशील तो. त्यात काय घालशील ते घाल. पण पाऊस लागायच्या आत तो घेऊन घोडेगावला ये, एक रात्र राहा. अर्ज मी पेन ड्राइव्हवर काढून ठेवलाय, आधी तुझ्या लॅपटॉपवर उघडून बघू. मग सकाळच्या गाडीनं तळेघरला जाऊ, त्या साकवावरून चालत. कठड्याच्या बाजूनं तू चाल. लवकर ये.